संकटाच्या दिवसांत खोल्यांचा अंदाज कसा बांधायचा: हॉटेलात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

रिझर्व्हेशनच्या टेबलावर बसलं की पहिल्या महिन्यातच एक सोपी युक्ती शिकवली जाते. गेल्या वर्षीचा हाच आठवडा उघडायचा, त्यावर पाच-दहा टक्के चढवायचे, सण पुढे-मागे झाला असेल तर तो सरकवायचा, झाला अंदाज. बऱ्या वर्षी ही युक्ती चालतेही. मार्च २०२० मध्ये ती आठवड्याभरात निकामी झाली. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी, आणि पुढचं दीड-दोन वर्ष 'गेल्या वर्षीचा हाच आठवडा' या शब्दांना काही अर्थच उरला नाही.

पण कोविड गेला म्हणून हा विषय संपलेला नाही. वादळ, पूर, दहशतवादी हल्ला, विमानतळ बंद होणं, एखादी मोठी प्रवासी कंपनी बुडणं, यातलं काही ना काही दर दोन वर्षांनी हॉटेलच्या दारात येतंच. अलिबाग, गणपतीपुळे, महाबळेश्वर किंवा गोव्यातल्या तीस-चाळीस खोल्यांच्या हॉटेलात ज्यांनी नुकतंच हे काम हातात घेतलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल, फोनशेजारी एक वही आणि रोज अर्धा तास पुरतो.

माझा सगळा आग्रह एका क्रमाचा आहे. संकटात 'किती खोल्या भरतील?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी बघायचं की आपल्यापर्यंत कोण पोहोचू शकतंय. मग, त्यातल्या कोणाला यायचंय. आणि मग किती. मालक नेमका शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारतात, नवा माणूस घाबरून काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो, आणि त्या आकड्यावर शुक्रवारची मासळी खरेदी होते.

पहिली पायरी: संकट कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

सगळी संकटं बुकिंगवर सारखी आदळत नाहीत. कामापुरत्या चार जाती धरल्या तरी पुरे.

एक, वाट बंद होणं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि वाशिष्ठीला आलेल्या पुरामुळे कोकण रेल्वेची वाहतूकही थांबली. इथे पाहुण्याच्या मनात काय आहे याला महत्त्व नाही, कारण तो येऊच शकत नाही. घाट बंद असताना रेट निम्मा केला तरी गाडी वर चढत नाही. अशा वेळी अंदाज म्हणजे खरं तर रस्ता उघडण्याच्या तारखेचा अंदाज. मात्र एक गोष्ट विसरू नका: कोकणात जून-जुलै मुळात मंदीचेच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्या थांबलेल्या असतात. त्यामुळे रिकाम्या खोल्यांचा सगळा दोष वादळावर टाकण्याआधी, वादळ आलं नसतं तर किती भरल्या असत्या, ते लिहून काढा.

दोन, भीती. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला. मृतांमध्ये डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसं होती, आणि महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या उन्हाळी सहली भराभर रद्द झाल्या. भीतीच्या संकटात मागणी बरेचदा मरत नाही, जागा बदलते. मुलांच्या सुट्ट्या लागलेल्या असतात, ऑफिसात रजा मंजूर झालेली असते, घरातल्यांना कुठेतरी जायचंच असतं. तुमचं हॉटेल काश्मीरपासून लांब असेल तर हे संकट तुमच्याकडे गर्दीच्या रूपाने येऊ शकतं. पण मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले. त्यांत श्रीनगरसोबत कांगडा आणि शिमलाही होते. म्हणजे काश्मीर सोडून हिमाचलचा बेत केलेल्या कुटुंबाची वाटही पुन्हा अडली. एका जातीचं संकट पंधरा-वीस दिवसांत दुसऱ्या जातीचं होतं ते असं. म्हणून ही पायरी एकदाच करून चालत नाही.

तीन, सरकारी आदेश. याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण नवी माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात.

चार, पाहुण्याच्या मूळ गावी आलेलं संकट. गोव्यात काहीही झालेलं नव्हतं, तरी २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी बुडाली आणि सिझन तोंडावर असताना ब्रिटनहून चार्टरने, म्हणजे सहलीसाठी खास ठरवलेल्या विमानांनी, येणाऱ्या पाहुण्यांचा एक मोठा प्रवाह आटला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि रशियन पाहुण्यांच्या बाबतीत तेच झालं. आपल्या बातम्यांत न दिसणारं संकट आपल्या बुकिंगमध्ये दिसतं, म्हणून पाहुणे कुठून येतात याची नोंद नसेल तर आजपासून ठेवा.

कधीकधी दोन जाती एकत्र येतात आणि ते ओळखणं फार गरजेचं असतं. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बँक बुडाली, कंपन्यांनी प्रवासाच्या खर्चाला कात्री लावली. त्यातच २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. ताजचा टॉवर आणि ट्रायडेंट २१ डिसेंबरलाच पुन्हा उघडले. दारं महिन्याभरात उघडता येतात, पण कंपन्यांची प्रवासाची तरतूद पुढच्या आर्थिक वर्षाच्या बैठकीत ठरते. भीती ओसरायला जेवढे दिवस लागतात तेवढेच मंदी ओसरायला लागतील असं धरलं, तर कॉर्पोरेट बुकिंगचा अंदाज हमखास फुगतो.

दुसरी पायरी: कोण पोहोचू शकतंय याची यादी

आदेश वाचायची सवय लावून घ्या. बातमीचा मथळा नव्हे, आदेशाचा मूळ कागद. आणि आपल्यावरचा आदेश वाचून थांबू नका, पाहुण्यावरचा आदेशही वाचा.

महाराष्ट्रातलं २०२० सालचं उदाहरण मी नव्या माणसाला नेहमी देतो. कंटेनमेंट झोनबाहेरच्या हॉटेल-लॉजना ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने सुरू करायला परवानगी मिळाली. आता चाळीस खोल्यांचं हॉटेल घ्या. साधा हिशेब सांगतो की तेरा खोल्या उघडतील, लोक घरात कंटाळलेत, तेराही भरतील. पण जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता आणि तो फिरायला म्हणून मिळत नव्हता. अलिबागच्या हॉटेलाचा पाहुणा मुंबई-पुण्याचा. तेरा खोल्या उघड्या, पाहुणा पलीकडे अडकलेला. २ सप्टेंबरपासून ई-पासची अट गेली आणि हॉटेलंही पूर्ण क्षमतेने सुरू करता आली. त्या वर्षीच्या अंदाजातली खरी तारीख ८ जुलै नव्हती, २ सप्टेंबर होती.

गोव्याने २ जुलै २०२० लाच परवानगी दिलेल्या हॉटेलांपुरतं पर्यटन सुरू केलं, पण आगाऊ बुकिंग आणि कोविड चाचणीच्या अटी होत्या. म्हणजे दार उघडं, उंबरठा उंच. अशा वेळी 'येऊ शकतात' या रकान्यात साधं हो-नाही पुरत नाही. 'त्रास सोसून येऊ शकतात' असा तिसरा प्रकार ठेवावा लागतो. त्यात तरुण मंडळी येतात, आजी-आजोबांना घेऊन निघणारं कुटुंब येत नाही.

आदेशाची हद्दही बघा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात रात्रीची संचारबंदी लागली ती महापालिकांच्या हद्दीत. मुंबईच्या हॉटेलाची थर्टी फर्स्टची पार्टी त्यात गेली, पण गुहागर-दापोलीकडचं गणित वेगळंच राहिलं.

आता एका कागदावर तुमचे पाहुण्यांचे गट मांडा: कुटुंबं, तरुणांचे ग्रुप, कंपनीचं काम करणारे, लग्नाचे ग्रुप, टूर एजंट, परदेशी. प्रत्येकासमोर कुठून येतात, कशाने येतात, आज येऊ शकतात का, आणि काय बदललं तर येऊ शकतील, एवढंच लिहा. जो गट येऊच शकत नाही त्याचा अंदाज शून्य. 'थोडेफार तर येतीलच' असं म्हणून तिथे चार खोल्या लिहू नका.

तिसरी पायरी: हातातलं बुकिंग गाळून घ्या

सिस्टिम सांगते की पंधरा दिवसांनंतरच्या शनिवारी १८ खोल्या बुक आहेत. साध्या दिवसांत हा आकडा पायाभूत धरतात. संकटात तो गाळल्याशिवाय वापरू नका.

समजा त्या १८ पैकी ५ जणांनी पूर्ण पैसे भरलेत आणि ते परत मिळणार नाहीत. ७ बुकिंग ऑनलाइन पोर्टलवरची, आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द होणारी. ६ खोल्या एका एजंटने अडवून ठेवल्यात, नावं अजून आलेली नाहीत. हे तीन वेगवेगळे प्राणी आहेत. फुकट रद्द होणारं बुकिंग म्हणजे अनेकदा पाहुण्याने एकाच तारखेला तीन ठिकाणी टाकून ठेवलेला रुमाल. तुमच्याच हॉटेलातल्या मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी काढा: अशा दहा बुकिंगपैकी प्रत्यक्ष किती जण आले? समजा चार. मग सातातले तीन धरा. एजंटला फोन करा, 'नावं कधी पाठवताय?' असं सरळ विचारा. तो घुटमळला आणि 'बघतो, दोन रूम तर नक्की' म्हणाला, तर दोन धरा. पाच, तीन आणि दोन, दहा झाले. म्हणजे अठरातले दहाच खरे.

लग्नाचे ग्रुप वेगळे हाताळा. डिसेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉनच्या धास्तीने २४ तारखेला बंदिस्त जागेतल्या लग्नासाठी शंभर माणसांची मर्यादा आली, आणि आठवडाही झाला नाही तोवर ती पन्नासवर उतरली. असा आदेश आला की लग्न बहुतेक वेळा रद्द होत नाही, आक्रसतं. पन्नास माणसांत कोण बसतं? घरची आणि जवळची. त्यातली निम्मी त्याच गावची असतील तर त्यांना खोली लागतच नाही. तेव्हा माणसांची संख्या निम्मी झाली म्हणून खोल्याही निम्म्या, असं गणित करू नका. वधूपित्याला किंवा त्यांच्याकडून जो कोणी व्यवहार बघतोय त्याला विचारा की बाहेरगावचे किती.

चौथी पायरी: नव्याने किती येतील

आजपासून त्या तारखेपर्यंत जी नवी बुकिंग पडतात त्यांना आपल्याकडे पिकअप म्हणतात. नेहमीचं वर्ष असतं तर शेवटच्या चौदा दिवसांत शनिवारसाठी सोळा खोल्या उचलल्या जातात असं तुमच्या जुन्या नोंदी म्हणतील, आणि १८ अधिक १६ मिळून ३४ असं उत्तर निघेल. तो सोळाचा आकडा विसरा. मागचे तीनच शनिवार घ्या. प्रत्येकासाठी शेवटच्या चौदा दिवसांत पडलेली आणि खरोखर येऊन राहिलेली नवी बुकिंग मोजा. समजा ५, ९ आणि ११ आली. चढ दिसतोय, पण तीन आकड्यांवर उडी मारायची नसते. पुढच्या शनिवारसाठी ९ ते १२ धरा. गाळलेल्या दहात हे मिळवले की १९ ते २२. चौतीस आणि वीस यांत जो फरक आहे तो लाँड्री, दूध, माणसं आणि मासळी यांचा आहे.

इथे तीन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, रद्द बुकिंग दोनदा वजा होऊ देऊ नका. वर आपण हातातलं बुकिंग आधीच गाळलंय, आणि नव्यातही राहिलेलीच मोजलीत. आता शेवटी पुन्हा 'वीस टक्के कॅन्सलेशन' कापलंत तर अंदाज उगाच पडेल.

दुसरी, नवी बुकिंग आणि रद्द बुकिंग यांचे रकाने कायम वेगळे ठेवा. आठवड्यात वीस आली, वीस गेली, तरी बेरीज शून्य. काहीच आलं-गेलं नाही, तरी शून्यच. पहिल्या शून्यात लोकांना यायचंय पण धाकधूक आहे. तिथे रद्द करण्याची अट सैल ठेवली, तारीख बदलून दिली तर फायदा होतो. दुसऱ्या शून्यात कोणाला रसच नाही.

तिसरी, संकटात लोक फार उशिरा बुक करतात. एरवी तीन आठवडे आधी ठरणारी सहल आता गुरुवारी रात्री ठरते. त्यामुळे चौदा दिवस आधीचं रिकामं पान बघून शनिवार गेला असं समजू नका. नेमकं याच क्षणी मालकांचा धीर सुटतो, 'रेट पाडा' असा फोन येतो, आणि गुरुवारी तसेही येणारे लोक निम्म्या भावात येतात. त्यांना तोंडी समजावत बसू नका. मागच्या तीन शनिवारांचं कोणतं बुकिंग किती दिवस आधी पडलं, तो तक्ता समोर ठेवा.

पाचवी पायरी: सरासरी काढू नका, दोन-तीन चित्रं काढा

समजा येत्या शुक्रवारी निर्बंध वाढणार की उठणार हे ठरायचंय. उठले तर वीस खोल्या, वाढले तर तीन. पुस्तकातली रीत सांगेल की मधला आकडा घ्या, साडेअकरा. पण साडेअकरा खोल्या त्या शनिवारी कधीच भरणार नाहीत. एकतर वीस, नाहीतर तीन. बाराच्या हिशेबाने माणसं बोलावलीत आणि माल भरलात तर दोन्ही परिस्थितींत तुम्ही चुकलात.

त्याऐवजी दोन्ही चित्रं लिहा आणि प्रत्येकाखाली लिहा की कोणता निर्णय कधीपर्यंत लांबवता येतो. भाजी आणि मासळी शनिवारी सकाळी घेता येते. जवळच्या गावातल्या हाउसकीपिंगच्या बायकांना आदल्या संध्याकाळी सांगितलं तरी चालतं, मात्र त्यांना आधीच तसं सांगून ठेवा, ऐनवेळी 'येऊ नका' म्हणणं त्यांच्या रोजंदारीवर येतं. गॅस सिलिंडर, लाँड्रीवाल्याचा करार, पोर्टलवरची जाहिरात यांना आधी ठरवावं लागतं. तिथे तीनच खोल्यांचं चित्र डोळ्यासमोर ठेवा. ज्या निर्णयातून मागे फिरता येतं तो उशिरा घ्यायचा, ज्यातून फिरता येत नाही तो वाईट चित्राच्या बाजूने.

चित्रं बदलायची ती खुणांवर. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, हवामान खात्याचा इशारा, घाटाची आणि रेल्वेची स्थिती, विमानांचं वेळापत्रक, आणि फोनवरच्या चौकश्या. यांतली शेवटची खूण सगळ्यात लवकर बोलते. शेजारच्या हॉटेलचा पोर्टलवरचा रेट ही मात्र मी फारशी खूण मानत नाही. तो माणूसही तुमच्याइतकाच घाबरलेला असू शकतो. गाड्यांची गर्दी बघतानाही सावध राहा. गणपतीत कोकण रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते, पण ते चाकरमानी आपापल्या घरी उतरणार असतात. त्या वेटिंग लिस्टवरून खोल्यांचा अंदाज बांधला तर आरतीला प्रसाद भरपूर मिळेल, पाहुणे नाही.

सहावी पायरी: 'नाही' म्हटलेली माणसं मोजा

तेहतीस टक्क्यांच्या मर्यादेत तेरा खोल्या भरल्या की सिस्टिममध्ये तेराच दिसतात. मागणी तेराची होती की तीसची, ते सिस्टिमला कळत नाही. फोनशेजारच्या वहीत चार रकाने आखा: तारीख, कोणत्या दिवसासाठी विचारलं, किती खोल्या, का जमलं नाही. 'का' मध्ये खोली नव्हती, रेट जास्त वाटला, रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत म्हणून नको, रस्ता चालू आहे का एवढंच विचारलं, असं जे असेल ते दोन शब्दांत. रात्रपाळीच्या माणसालाही ही सवय लावा, उशिरा ठरणाऱ्या सहलींचे फोन रात्रीच येतात. मर्यादा उठेल त्या दिवशी तुमच्याकडे शहाण्या अंदाजाला दुसरा आधार नसेल.

सातवी पायरी: दर सोमवारी हिशेब

सांगितलेला अंदाज आणि घडलेलं यांची नोंद शेजारी-शेजारी ठेवा. चूक टक्क्यांत मोजू नका. अंदाज सहाचा आणि आले तीन, तर चूक शंभर टक्के दिसते आणि मीटिंगमध्ये उगाच गदारोळ होतो. प्रत्यक्षात तीन खोल्यांचा फरक आहे. खोल्यांतच मोजा. आकाराहून दिशा महत्त्वाची: सलग तीन आठवडे तुम्ही जास्तच सांगताय का? मग आशा हिशेबात शिरलीय, हातातल्या बुकिंगमधली आणखी कमी खरी धरा. सलग कमी सांगताय, तर बाजार उठलाय आणि तुम्हाला अजून विश्वास बसलेला नाही.

सोबत एक साधी कसोटी ठेवा: 'मागच्या शनिवारी जेवढे आले तेवढेच या शनिवारी' एवढाच अंदाज केला असता तर किती चूक झाली असती? तुमचा सगळा तक्ता या एका ओळीला हरवत नसेल तर तक्त्यात काहीतरी जास्तीचं भरलंय. बहुधा कुठलातरी जुना टक्का.

जुन्या पद्धतीवर परत कधी यायचं

तारीख ठरवून नाही. लोक किती दिवस आधी बुक करतायत, हे प्रत्येक गटाचं वेगवेगळं बघा. कुटुंबांचं बुकिंग पुन्हा तीन आठवडे आधी पडायला लागलं, आणि जुन्या पद्धतीचा अंदाज सलग चार-पाच आठवडे नव्याच्या बरोबरीने खरा ठरला, की त्या गटापुरते जुने आकडे वापरा. लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम यांना जास्त वेळ लागतो, त्यांना मागे राहू द्या.

संकटाच्या काळातल्या नोंदी पुसू नका, फक्त रंगवून ठेवा आणि कोणता निर्बंध कोणत्या तारखेपासून होता ते शेजारी लिहा. त्या 'गेल्या वर्षी' म्हणून तुलनेला घ्यायच्या नाहीत. २०२१ ची तुलना २०२० शी केली तर वाढीचे आकडे बघून मालक दुसरी इमारत बांधायला काढतील. तुलना २०१९ शी करायची. सणाची तुलना सणाशी, तारखेशी नाही. गणेश चतुर्थी २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती, २०२१ मध्ये १० सप्टेंबरला. ऑगस्ट विरुद्ध ऑगस्ट असा तक्ता कोणी पुढे ठेवला तर आधी पंचांग मागवा.